सहा जण, एक बिल

"वन चेक, ऑर सेपरेट?"

वेटरने हे विचारलं की टेबलावर दोन-तीन सेकंद शांतता पसरते. तुम्हाला अमेरिकेत येऊन महिनाच झाला असला तरी ती शांतता तुमच्या ओळखीची असेल. मग कुणीतरी, आणि बहुतेक वेळा ज्याने सगळ्यात जास्त मागवलंय तोच, मोकळेपणाने म्हणतो, "वन इज फाइन, आपण स्प्लिट करू." सगळे मान हलवतात. तुम्हीसुद्धा हलवता.

हा लेख त्या मान हलवण्याबद्दल आहे.

माझी पहिली अशी रात्र मला लख्ख आठवते. मिडवेस्टमधलं युनिव्हर्सिटीचं गाव, सप्टेंबरचा शेवट, पहिलं स्टायपेंड अजून खात्यात यायचं होतं. डिपार्टमेंटमधले आम्ही सहा जण गावातल्या एका साध्याशा इटालियन रेस्टॉरंटमध्ये गेलो. लाल-पांढऱ्या चौकटींचे टेबलक्लॉथ, भिंतीवर कुठल्यातरी इटालियन गावाचे जुने फोटो, बसल्या बसल्या समोर आलेली गरम ब्रेडची टोपली आणि ऑलिव्ह ऑइलची बशी. मी मेन्यू उजवीकडून डावीकडे वाचला, म्हणजे आधी किंमत आणि मग पदार्थ. (तुम्हीही वाचता, मला माहितीये.) मिनस्ट्रोनी सूप 9 डॉलर. ब्रेड फुकट. झालं माझं जेवण ठरून.

बाकीच्यांनी पास्ता, पिझ्झा, चिकन पार्मेजान, रिसोटो मागवला. तिघांनी वाइन घेतली. मध्ये सगळ्यांसाठी म्हणून तळलेल्या कालामारीची प्लेट आली. ती मी खाल्ली नाही, कारण मी शाकाहारी आहे. शेवटी एकाने तिरामिसू मागवलं आणि चमचे सहा मागितले. वातावरण खरंच छान होतं, हे मुद्दाम सांगते. कुणीही मला फसवायला बसलं नव्हतं.

आकडे थोडे गोल करून सांगते. पदार्थांचे झाले 200 डॉलर. त्यावर 8 टक्के टॅक्स, म्हणजे 16. टिप 20 टक्के, म्हणजे 40. एकूण 256. भागिले सहा, प्रत्येकी 42 डॉलर 67 सेंट. माझं सूप टॅक्स आणि टिप धरून 11 डॉलर 52 सेंटचं होतं. उरलेले 31 डॉलर 15 सेंट मी दुसऱ्यांच्या जेवणासाठी भरले, आणि घरी जाताना बसमध्ये त्यांचे रुपये करत बसले. एफ-वन व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय नाहीच. त्यामुळे "जाऊ दे, एक जादा शिफ्ट करू" असं म्हणायचीही सोय नव्हती.

गंमत अशी की मी त्या सत्रात नेमका हाच विषय शिकत होते. फुकट्याचा प्रश्न, सामायिक खर्च, सगळं काही. अर्थशास्त्रात याला 'डायनर्स डिलेमा' असं नावच आहे.

तो कोडं म्हणून सोपा आहे. बिल सहा जणांत समान वाटलं जाणार असेल तर 10 डॉलरचं तिरामिसू मागवणाऱ्याला ते 10 डॉलरला पडत नाही. टॅक्स-टिप धरून 12 डॉलर 80 सेंट, त्याचा सहावा हिस्सा 2 डॉलर 13 सेंट. (हा 2.13 लक्षात ठेवा, पुढे वेगळ्याच कारणाने येणार आहे.) दोन डॉलरला तिरामिसू मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? पण हाच विचार सहाही जण करतात. प्रत्येक जण एरवी मागवलं नसतं ते मागवतो आणि शेवटी प्रत्येकाला एरवी दिले नसते तितके पैसे द्यावे लागतात. पुण्या-मुंबईतल्या ज्या सोसायट्यांमध्ये पाण्याचं बिल सगळ्या फ्लॅट्समध्ये सारखं वाटतात, तिथे गळका नळ किती दिवस गळत राहतो ते आठवा. नळ दुरुस्त करायचा खर्च माझा एकटीचा, वाचलेलं पाणी मात्र सगळ्यांचं.

हे नुसतं फळ्यावरचं गणित आहे की माणसं खरंच असं वागतात? हे तपासायला उरी ग्नीझी, अर्नान हारूवी आणि हदास याफे या तीन संशोधकांनी इस्राएलमध्ये हैफातल्या एका रेस्टॉरंटमध्ये प्रयोग केला. तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. एकमेकांना न ओळखणाऱ्या सहा-सहा जणांचे गट जेवायला बसवले. काही गटांना सांगितलं, ज्याचं त्याने द्यायचं. काहींना सांगितलं, बिल समान वाटायचं. आणि काही नशीबवानांना सांगितलं, सगळं आमच्याकडून. ज्याचं त्याने दिलं तिथे माणशी सरासरी साधारण 37 शेकेलचं खाणं झालं. समान वाटणीत ते 51 वर गेलं. फुकट होतं तिथे 82 वर. म्हणजे नुसती वाटणीची पद्धत बदलली तर तीच भूक, तोच मेन्यू आणि खर्च मात्र एक तृतीयांशाहून जास्त.

मला या प्रयोगातला आणखी एक गट जास्त रोचक वाटतो. त्यांना सांगितलं होतं की तुम्ही स्वतःच्या खाण्याचा फक्त सहावा हिस्सा द्या, उरलेलं आम्ही देऊ. या गटात जास्त मागवलं तर शेजारी बसलेल्याच्या खिशाला काहीच झळ नाही, भुर्दंड संशोधकांना. तरी त्यांचं मागवणं समान वाटणीवाल्यांपेक्षा फार वेगळं नव्हतं. याचा अर्थ जरा टोचतो. समान वाटणीत शेजाऱ्याचे पैसे जातायत याचा विचार लोकांना फारसा अडवत नव्हता. अर्थात ते एकमेकांना अनोळखी होते. मित्रांमध्ये लाज असते, उद्या लॅबमध्ये परत तोंड दाखवायचं असतं. म्हणून तुमच्या टेबलावर हा आकडा कमी असेल असं मला वाटतं. पण शून्य नसेल.

आणि या सगळ्याच्या आधी संशोधकांनी लोकांना एक प्रश्न विचारला होता, तुम्हाला कुठली पद्धत आवडेल? 80 टक्के लोकांनी सांगितलं, ज्याचं त्याने.

इथे जरा थांबू, कारण माझ्या मते सगळी गोम इथे आहे. दहापैकी आठ जणांना वेगळं बिल हवं असेल तर टेबलावर "वन इज फाइन" का जिंकतं? कारण टेबलावर कुणी मतदान घेत नाही. तिथे पहिला आवाज जिंकतो, आणि त्यानंतर बोलणारा 'हिशेबी' ठरतो. मराठीत तर आपल्याकडे त्यासाठी शब्दांचा तोटा नाही: चिकट, कंजूष, कवडीचुंबक, चिंगूस. त्या भीतीने प्रत्येक जण गप्प बसतो आणि बाकीचे गप्प बसलेत म्हणजे त्यांना चालतंय असं समजतो. मानसशास्त्रात या प्रकाराचा भरपूर अभ्यास झालाय. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी 1993 मध्ये प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांबद्दल लिहिलं होतं. कॅम्पसवर जे पिणं चालतं त्याबद्दल मनातून अवघडलेली मुलं समजत होती की बाकीच्यांना काहीच वाटत नाहीये, आपणच तेवढे मागासलेले. सगळे आतून एकाच बाजूला आणि बाहेरून दुसऱ्याच.

त्या रात्री माझ्यासमोर बसलेल्या मुलीने अराबियाता आणि कोक घेतला होता, 21 डॉलर. तिलाही भुर्दंड बसला होता. हे मला दोन वर्षांनी कळलं.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, आपण टीटीएमएम करूच की! तुझं तू, माझं मी. कॉलेजच्या कँटीनमध्ये आपण हेच करायचो. खरंय. पण आपल्याकडे अजून दोन पद्धती होत्या, त्या विसरू नका. एक म्हणजे काँट्री. ट्रेकला जायचंय, वाढदिवसाचा केक आणायचाय, तर सगळ्यांनी शंभर-शंभर काढा. काँट्रीत रक्कम आधी ठरते आणि खर्च त्यात बसवायचा असतो. इथल्या स्प्लिटमध्ये खर्च आधी होतो आणि रक्कम शेवटी कळते. दिसायला दोन्ही समान वाटणी, पण कुवत कुणाची किती हे काँट्रीत आधीच बोलून होतं. "शंभर जास्त होतायत रे, साठ करू" असं म्हणायला तिथे जागा असते. म्हणून काँट्रीत डायनर्स डिलेमा फारसा उद्भवत नाही.

दुसरी पद्धत मोठ्यांची. हॉटेलच्या काउंटरपाशी काका आणि त्यांचे मित्र एकमेकांचे हात धरून भांडतायत, "अहो राहू द्या, मागच्या वेळी तुम्हीच दिलंत!" आपल्याला लहानपणी त्याची लाज वाटायची. पण ती पद्धत अडाणी नव्हती. आज मी, पुढच्या वेळी तुम्ही. भिशीसारखंच आहे ते. दर महिन्याला सगळ्या जणी सारखे पैसे टाकतात आणि पाळीपाळीने एक जण उचलते. पहिल्याच महिन्यात उचलणारीने पुढे पैसे थांबवले तर? थांबवत नाही, कारण ती त्याच गल्लीत राहते. राजकीय शास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी 1984 मधल्या त्यांच्या सहकार्यावरच्या पुस्तकात हेच दाखवलंय. पुन्हा गाठ पडणार असेल तर स्वार्थी माणसंही नीट वागतात, आणि भविष्याची ही सावली जितकी लांब तितकं सहकार्य टिकाऊ.

परदेशात आपली अडचण होते ती इथे. ही सावली आखूड असते. मास्टर्स दोन वर्षांचं, मग एक जण सिअ‍ॅटलला, एक जण डलासला, एकाचा व्हिसा अडकला म्हणून तो परत. "पुढच्या वेळी तू" म्हणायला पुढची वेळ हवी ना. काकांची पद्धत आपण सवयीने सोबत आणतो, पण ती ज्यावर उभी होती ती गल्ली आणता येत नाही. मग मधल्यामध्ये समान वाटणी हा सभ्य दिसणारा मार्ग उरतो, आणि त्याचा बोजा न पिणाऱ्यावर, शाकाहाऱ्यावर, नुकत्याच आलेल्यावर, घरी पैसे पाठवणाऱ्यावर पडतो. म्हणजे ज्याला बोलणं सगळ्यात अवघड त्याच्यावर.

इटालियनांचं काय, असं विचाराल. "फारे आल्ला रोमाना", रोमन पद्धतीने करू, असं ते म्हणतात तेव्हा त्यांनाही बहुतेक वेळा समान वाटणीच अभिप्रेत असते. इंग्रजीतल्या डच लोकांपेक्षा रोमन लोकांची प्रतिमा बरी म्हणायची. पण इटलीत पिझ्झेरियात बसलात तर प्रत्येकाचा पिझ्झा वेगळा, ताटं साधारण एका किमतीची, त्यामुळे समान वाटलं तरी फार तफावत पडत नाही. अमेरिकेतलं इटालियन रेस्टॉरंट हा वेगळा प्राणी आहे. 1880 नंतरच्या चार दशकांत सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडचे गरीब शेतकरी आणि मजूर. तिकडे मांस सणासुदीला मिळायचं, इकडे ते रोज परवडायला लागलं. मग वांग्याच्या पार्मिजानाची जागा चिकनने घेतली आणि स्पगेटीवर मोठमोठे मीटबॉल चढले. ताटं वाढली, मध्ये ठेवून वाटून खायच्या प्लेटा आल्या. आज आपला मिश्र गट जमला की 'इटालियनला जाऊ' हेच का ठरतं, तर तिथे शाकाहाऱ्याला 9 डॉलरचं सूप मिळतं आणि खाणाऱ्याला 29 डॉलरची सीफूड लिंग्वीनी. सगळ्यांना सामावून घेणारा मेन्यू म्हणजेच किमतींमध्ये सगळ्यात जास्त अंतर असलेला मेन्यू. (जाता जाता, शाकाहाऱ्यांनो: अस्सल पार्मिजानो रेजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. माझ्या सूपवर ते भुरभुरलेलं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं.)

आता तो 2.13. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान 2 डॉलर 13 सेंट रोख मजुरी दिली तरी चालते, बाकीची भरपाई टिपमधून धरली जाते. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असा नियम आहे, पण हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. बऱ्याच राज्यांनी स्वतःची रक्कम यापेक्षा वर ठेवली आहे आणि कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत टिपवाल्यांना पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. पण जिथे 2.13 आहे तिथे टिप हाच पगार. हे सांगायचं कारण, वेगळं बिल मागून पैसे वाचवताना आपण ते कुणाकडून वाचवतोय ते बघावं. गट मोठा झाला की टिपची टक्केवारी घसरते असं अमेरिकेत 1975 मध्येच एका अभ्यासात दिसलं होतं. प्रत्येकाला वाटतं दुसरा टाकेल. म्हणूनच अनेक ठिकाणी सहा किंवा आठच्या वर माणसं असली की टिप बिलातच लावून येते. ती आधीच लावली आहे का ते बघा, नाहीतर दोनदा द्याल. नसेल तर आपापल्या बिलावर पूर्ण द्या. सूप घेतलं असलं तरी.

मग काय, प्रत्येक वेळी सेंटपर्यंत हिशेब करायचा? फोनमधली अ‍ॅप्स ते चोख करतात. मीही काही वर्षं केला. मैत्रिणीने तिच्या गाडीतून कॉस्टकोला नेलं की पेट्रोलचे 1 डॉलर 80 सेंट. तिच्याकडे चहा घेतला, तर नोंद नाही, पण मनात आहेच. मग एक दिवस अ‍ॅपने हिरव्या अक्षरांत सांगितलं की आमच्या दोघींत आता काहीही देणं-घेणं उरलेलं नाही. वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञाने कर्जावरच्या 2011 मधल्या पुस्तकात नायजेरियातल्या तिव लोकांची गोष्ट सांगितली आहे. तिथे शेजारणी अंडी, भेंड्या असं काहीबाही आणून देतात. परतफेड करायची, पण नेमकी तेवढ्याच किमतीची कधीच नाही. थोडं कमी किंवा थोडं जास्त. बरोब्बर तेवढंच परत केलं तर त्याचा अर्थ होतो, आता आपला संबंध संपला. हे वाचल्यावर मला आजीच आठवली. शेजारून वाटीत भाजी आली तर वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर घालून द्यायची. आलेल्या भाजीची किंमत साखरेने फिटत नाही, आणि ती फिटू नये हीच तर योजना आहे. वाटी या घरातून त्या घरात फिरत राहते.

मी त्यातून स्वतःपुरता एक ढोबळ नियम काढलाय, पटला तर घ्या. जे खरंच सगळ्यांनी मिळून खाल्लं, ब्रेड, मधला पिझ्झा, सहा चमच्यांचं तिरामिसू, ते समान वाटायचं आणि त्यात दोन-चार डॉलर इकडे-तिकडे झाले तर बघायचं नाही. ती वाटीतली साखर. दारू ज्याची त्याची. मेन कोर्स ज्याचा त्याचा. आणि टेबलावर कुणी नुकतं आलेलं असेल तर "मला वेगळं बिल हवंय" हे जुन्याने म्हणायचं, ज्याचं सेटल झालंय त्याने. त्याला कुणी चिंगूस म्हणत नाही आणि म्हटलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

हे म्हणायचं कधी, याला मात्र महत्त्व आहे. वेटर पाणी घेऊन येतो तेव्हा, ऑर्डर द्यायच्या आधी. बहुतेक रेस्टॉरंट्समध्ये ऑर्डर खुर्चीच्या क्रमांकानुसार मशीनमध्ये टाकतात, त्यामुळे सुरुवातीला सांगितलं तर वेगळी बिलं काढणं त्यांच्यासाठी सोपं असतं. जेवण संपल्यावर सांगितलं तर तो बिचारा गर्दीच्या वेळी तुमची लिंग्वीनी कुणाची होती ते शोधत बसतो. काही ठिकाणी मोठ्या गटाला वेगळी बिलं देतच नाहीत. तिथे निदान ड्रिंक्स वेगळी मागा. आणि आधी ठरलं की मागवणंही आपोआप बदलतं, हैफातल्या 37 आणि 51 मधला फरक तोच होता.

जमलं तर ऑर्डरही पहिली तुम्हीच द्या. डॅन एरिएली आणि जोनाथन लेवाव यांनी 2000 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका ब्रुअरीत बघितलं होतं की एकापाठोपाठ एक मोठ्याने ऑर्डर देताना लोक दुसऱ्याने घेतलेलं टाळतात, वेगळं काहीतरी घेतात आणि मग त्यावर तितकेसे खूश नसतात. पहिल्याने ऑर्डर देणारा सुटतो. सूप हवं असेल तर पहिल्यांदा सूप सांगून टाका. पाच जणांनी 25-25 डॉलरचं मागवल्यानंतर "फक्त सूप" म्हणायला जास्त धीर लागतो.

ती अराबियातावाली मुलगी आता माझी जवळची मैत्रीण आहे. दोन वर्षांनी आम्ही दोघी त्याच रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो, तेव्हा त्या रात्रीचा विषय निघाला. तिने सांगितलं की पुढच्या आठवड्यात तिने तीन दिवस दुपारी भात आणि लोणचं खाल्लं होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तू मान हलवलीस ना, मला वाटलं तुला चालतंय."

वेटर आला तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं, सेपरेट. मग तिने मध्ये एक तिरामिसू मागवलं आणि ते तिच्या बिलावर लावायला सांगितलं.